जो हरवला त्याने थांबायचं

धबधब्याच्या फाट्यावर थोरली पंचवीस मिनिटं या पायावरून त्या पायावर होत उभी होती. हरवण्याचेसुद्धा नियम असलेल्या घरात आपण जन्माला आलो, याचा तिला आज मनापासून राग आला.

नियम बाबांचा होता. भूगोलाचे मास्तर, तीस वर्षं शाळेच्या सहली नेल्या, पण एक पोर कधी हरवलं नाही. फर्मान एकच. आपण हरवलो असं ज्याला वाटेल त्याने जागचं हलायचं नाही, बाकीचे शोधत येतील. हे घरच्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की भाजीबाजारातसुद्धा चुकामूक झाली, तर कुणी पाय उचलला नसता.

आज डोंगरावर धुकं उतरलं आणि चौघं चार दिशांना पांगली. धाकटा फोटोच्या नादात पुलाकडे गेला, आई स्वच्छतागृह शोधत, बाबा कुठल्याशा झाडाच्या माहितीची पाटी वाचायला. फोनला रेंज नव्हती. उद्यानाची शेवटची बस पाचला होती आणि साडेचार वाजत आले होते.

पण थोरलीला काळजी होती ती बसची नव्हे. गेलं वर्षभर बाबा विसरत होते. चालू गॅस, किल्ल्या. एकदा तर शेजाऱ्यांच्या दारात उभे राहून आपलं कुलूप का उघडत नाही म्हणून चिडले होते. डॉक्टरांना दाखवू म्हटलं की आई अंगावर यायची. "वय झालंय त्यांचं. विसरतात सगळेच. उगाच नाही ते काढू नकोस." विषय खलास. ही सहलही आईनेच काढली होती, माणूस कसा ठणठणीत आहे ते लेकीला दाखवायला.

थोरली पोस्टात टपालाची वर्गवारी करायची. एक पाकीट चुकीच्या खणात गेलं तरी तिला अन्न गोड लागत नसे, इथे तर बाप होता. येईल कुणीतरी, येईल कुणीतरी, करत तिने आणखी पाच मिनिटं काढली आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. येणार कोण? या घरात आपणच हरवलो असं प्रत्येकाला वाटत असणार!

ती पळतच सुटली. धाकटा पुलाच्या कठड्याला टेकून कुडकुडत होता. "मी जागचा हललो नाही हं," वर अभिमानाने सांगतो. आई स्वच्छतागृहाच्या पायरीवर पर्स छातीशी धरून उभी.

"किती वेळ लावलात! केव्हाची ताटकळतेय मी."

"आम्हीही ताटकळतच होतो, आई."

तिघांनाही हसू फुटलं. मग धाकट्याने विचारलं, "बाबा कुठेत?"

"पाटीपाशी असतील," आई म्हणाली. "ते इकडचे तिकडे व्हायचे नाहीत. नियमच त्यांचा आहे."

पाटीपाशी कुणी नव्हतं.

आई हाका मारत पुढे, मागे ही दोघं. धुक्यातून हाक परतसुद्धा येत नव्हती. थोरली दरीच्या बाजूला बघायचं टाळत होती. पाचला पाच कमी असताना तिघं धापा टाकत फाटकापाशी पोहोचली, तर बाबा तिथेच. बूट चिखलाने माखलेले, आवाज बसलेला, आणि बस सोडू नका म्हणून रखवालदाराला हात जोडत होते.

"अरे, होता कुठे तुम्ही?" तिघांना बघून ते ओरडले. "सगळं जंगल पालथं घातलं मी!"

आईचा जीव भांड्यात पडला आणि त्याच दमात ती कडाडली, "जागेवर का नाही थांबलात? आम्ही आपले तुमचा नियम पाळत बसलोय!"

"कसला नियम?"

बाबा चेष्टा करताहेत असं वाटून धाकटा हसला. आई हसली नाही.

"हरवल्यावर थांबायचं, तो," ती हळूच म्हणाली. "तुमचाच."

बाबांनी खरोखर विचार केला. "सगळेच थांबले तर कसं चालेल? शोधायला नको का कुणी?"

बस निघाली. बाबा खिडकीशी बसल्या बसल्या पेंगले. आई उठून मागे थोरलीजवळ येऊन बसली.

"डॉक्टरांकडे नंबर लाव," ती म्हणाली. "पण मला बरं नाही असं सांगू बाबांना. म्हणजे येतील. मला एकटीला नाही जाऊ द्यायचे ते."