लाइट-बंदचा मंगळवार

गोडादऱ्याच्या यंत्रमाग-वस्तीत त्या काळी पंचांगाला कुणी विचारत नसे. मंगळवारी वीज बंद, म्हणजे लूम बंद, म्हणजे मुहूर्त. साखरपुडे, जावळं, हजामती, राहून गेलेली भांडणं, सगळं मंगळवारी. पोरंसुद्धा मंगळवारचा हिशेब धरूनच जन्माला येतात, असं तिथल्या सुईणी शपथेवर सांगत.

अशाच एका मंगळवारचा धर्मेंद्र. बाप शालिग्राम खानदेशातून येऊन लूमवर लागलेला; पोरगा मात्र अर्थशास्त्रात शिरला. वीज आणि मजुरी हा त्याच्या संशोधनाचा विषय. शहाण्णव साली कॉलेजच्या नव्या कॉम्प्युटरमध्ये त्याने वस्तीतले सगळे मंगळवार भरले. कॉम्प्युटर तासभर घरघरला आणि जो आकडा उमटला तो पडद्यात मावेना. शेवटची शून्यं म्हणे टेबलावर ओघळली. त्या आकड्याला नाव हवं होतं. धर्मेंद्रने टाइप केलं : वाया गेलेले तास.

एका परिसंवादात त्याने त्यावर निबंध वाचला, तेव्हा मालकांनी टाळ्या वाजवल्या. शालिग्रामचा मालक छगनशेठ याने तर निबंध गुजरातीत करून घेतला, आणि महिन्याभरात कारखान्यामागे जनरेटर उभा केला. बाकीच्यांनीही केले. मंगळवार संपला.

धर्मेंद्रच्या बहिणीचं, जयश्रीचं लग्न मंगळवारीच धरलेलं. शालिग्रामने सुट्टी घेतली तर लूमवर बदली माणूस येणार, आणि आलेला बदली परत जात नसतो. धर्मेंद्र रदबदलीला शेठकडे गेला. शेठने चहा पाजला, पेढा पुढे केला.

"धर्मेंद्रभाई, तमे तो अमारा गुरु. एक दिवस बंदचं नुकसान तुम्हीच काढून दिलं ना?"

धर्मेंद्रला स्वतःचाच आकडा खोडता येईना. पेढा मात्र खाल्ला गेला.

घरी शालिग्राम एवढंच बोलला, "लगीनमा तू बस मन्हा जागावर. आते मी वाया जास नही."

लग्न लागलं. चारी बाजूंच्या जनरेटरांत मंगलाष्टकं कुणालाच ऐकू आली नाहीत. भटजींचे ओठ बघून लोकांनी अक्षता टाकल्या, अर्ध्या तर आधीच. बापाच्या पाटावर धर्मेंद्र बसला. पाहुणे कौतुकाने सांगत होते, त्या निबंधावर पोराला दिल्लीच्या मोठ्या संस्थेने बोलावलंय.

वरात कारखान्यापाशी आली तशी जयश्रीने टेम्पो थांबवायला लावला. जाळीच्या खिडकीत शालिग्राम दिसत होता.

"आबा, भाईर या ना," ती ओरडली.

धर्मेंद्रने शेजारी बसून ते स्पष्ट ऐकलं. आत लूमच्या खडखडाटात शालिग्रामला वाटलं, पोरगी 'येते' म्हणतेय. त्याने हात हलवला, जा म्हणून, आणि तुटलेला धागा जोडायला वळला.