पंखावरचं निळं स्वस्तिक

मी एक जुना लाकडी नमुना आहे, फिनलंडच्या लढाऊ विमानाचा. मित्रांनो, खरं सांगू? बोलायचाही आता कंटाळा येतो. पण परवा अंगावर पॉलिशपेपर फिरला, म्हणून तोंड उघडतो आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका मास्तरांनी मला कोरलं. नव्या वैमानिकांना शिकवताना ते मला काठीवर खोचून वर्गभर फिरवत. त्यांचा धडा एकच. शत्रूचं विमान दिसताच गोळी झाडायची नाही. पंखावरची खूण स्पष्ट दिसेपर्यंत जवळ जायचं, मगच चाप दाबायचा. ज्याला धीर निघत नसे, त्याच्या पाठीत तीच काठी बसे. आमच्याकडे विमानं थोडी, गोळ्या त्याहून थोड्या. त्या धीरामुळेच माझी पोरं नावाजली. मास्तर मात्र कधी खुलले नाहीत. इतक्या जवळून समोरच्याचा चेहराही दिसतो, हे त्यांना ठाऊक होतं.

पुढे कित्येक वर्षं मी खोक्यात पडून राहिलो. मग मास्तरांचा नातू नोकरीसाठी मला घेऊन आयर्लंडला आला. तो देश सोडताना त्याने मला तिथल्या ॲथलोन गावातल्या आपल्या सहकाऱ्याला, नरेशला, देऊन टाकलं.

नरेशच्या आई, अलकनंदाबाई, साताऱ्याहून आल्या होत्या. खंडेनवमीला त्यांनी लॅपटॉपशेजारी मलाही पाटावर मांडलं. "अगं बया, ह्यांच्यातबी स्वस्तिक हाय की!" म्हणत माझ्या निळ्या खुणेवर हळदकुंकू वाहिलं. ऐंशी वर्षांत मला कुणी फूल वाहिलं नव्हतं. मी अगदी सुखावलो.

दुसऱ्या दिवशी त्यांची नात ज्ञानदा मला शाळेत दाखवायला न्यायला निघाली आणि नरेश दचकला. "अगं, इथे लोक याला हिटलरची खूण समजतील!" त्याने माझा डावा पंख घासायला घेतला.

"डॅड, स्टॉप! यू डिडन्ट इव्हन लुक!" ज्ञानदाने माझ्या खोक्यातली, मास्तरांच्या नातवाने ठेवलेली चिठ्ठी वाचून दाखवली. खूण हिटलरच्या आधीची, शुभ म्हणून घेतलेली. पुढे फिनलंड त्याच हिटलरच्या बाजूने लढला, हेही तीत होतं. नरेशचा हात थांबला.

"मग शाळेत काय सांगणार?"

"बोथ," ती म्हणाली.

डावा पंख मात्र उघडा पडला तो पडलाच.

मित्रांनो, पूजा झाली तेव्हा मी सुखावलो खरा, पण ती माझी लायकी नव्हे. मी मारायला शिकवलं आहे आणि आता फार थकलो आहे. मला कुंकू लावा, नाहीतर घासून टाका. पण त्याआधी मास्तरांच्या पोरांइतकं जवळ या. ती मारायला येत. तुम्ही नुसतं बघायला या.