डाव्या पुढच्या चाकाच्या ब्रेक पॅडचे म्हणणे

विषय : पारोळ्याजवळ अपघात झालेल्या चारचाकीच्या पुढच्या डाव्या चाकाबाबत.

संदर्भ : १) गॅरेजमालक जितेंद्र यांनी गाडीमालकास दिलेल्या दोन तोंडी सूचना. २) गाडीमालकाचा सही केलेला जबाब. ३) माझे स्वतःचे किंचाळणे, सलग नऊ आठवडे (याची नोंद कोठेही घेतलेली नाही).

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करतो की, मी ब्रेक पॅड बोलतोय.

तळहाताएवढा पोलादी पत्रा आणि त्यावर चिकटवलेला काळा खरबरीत थर, एवढंच माझं अंग. चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला माझ्या जोडीदारासोबत चिमटीत धरायचं आणि स्वतः झिजून गाडी थांबवायची, ही माझी नोकरी. या नोकरीत बढती नाही, रजा नाही, आणि निवृत्त झालं की थेट भंगार. माणसांच्या कचेऱ्यांत निदान नारळ आणि शाल तरी देतात.

धुळ्यात फुलचंदशेठच्या दुकानात आम्ही चौघे भाऊ एका खोक्यात चौदा महिने पडून होतो. शेठ जुन्या वळणाचे. गाडी कोणती हे विचारण्याआधी ते गाडी कोणाची हे विचारत. जितेंद्र आला तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. जितेंद्रचं देवपुरात गॅरेज आहे. तो म्हणाला, समाधान सरांची गाडी आहे, रोज घरची माणसं बसतात. शेठनी पुढ्यातली चकचकीत खोकी हाताने बाजूला सारली आणि मागच्या फळीवरून आम्हाला काढलं. दिसायला साधे आहेत, म्हणाले, पण धरतात. माझ्याविषयी कोणी काढलेला हा पहिला आणि शेवटचा चांगला शब्द.

समाधान सर देवपुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. आठवीला घर्षणाचा धडा दरवर्षी त्यांच्याकडेच असतो. शाळेत सोडायला येणाऱ्या पालकांशी गाडीच्या दारात उभं राहून बोलताना ते धड्यातली वाक्यं जशीच्या तशी वापरतात, म्हणून मलाही तो धडा पाठ आहे. घर्षण हे मित्रही आहे आणि शत्रूही. पृष्ठभागावर तेल लावल्यास घर्षण कमी होते. ही वाक्यं मुलांनी परीक्षेत लिहायची आणि सरांनी तपासायची असतात. इतरत्र त्यांचा उपयोग करण्याची पद्धत नाही.

अडीच वर्षं मी सरांची गाडी थांबवली. पांझरेच्या पुलावरच्या गर्दीत, शाळेच्या फाटकासमोर, म्हशी आडव्या आल्या की म्हशींसाठी, आणि आमदारांच्या गाड्या आल्या की त्यांच्यासाठीही. कोणी दखल घेतली नाही. माझी तक्रार नाही. जो नीट काम करतो त्याची फाईल कोणी उघडत नाही, हा नियम मला शिकवावा लागला नाही.

माझ्या पत्र्याच्या कडेला पोलादाची एक बारीक जीभ बसवलेली आहे. थर जाड असेपर्यंत ती मुकी असते. थर संपत आला की ती तबकडीला टेकते आणि किंचाळू लागते. हा बिघाड नव्हे. बनवणाऱ्यांनी मुद्दाम केलेली सोय आहे. मी संपत आलोय, मला बदला, एवढा एकच अर्ज करता येतो मला, आणि तो मी वेळेवर केला.

जितेंद्रने आवाज ऐकताच सांगितलं की, पॅड संपले, बदलून टाकू. सर म्हणाले, बदलायचेच आहेत तर अभ्यास करून बदलू.

आणि अभ्यास सुरू झाला. दोनशे पानी वहीत रकाने आखले गेले. एका रकान्यात सिरॅमिक पॅड, एकात धातूमिश्रित, एकात साधे. कोणते कमी धूळ करतात, कोणते घाटात तापत नाहीत. आता घर ते शाळा या अंतरात घाट कुठे लागतो हे मला अजून कळलेलं नाही. सर गाडीत बसून मोबाईलवर व्हिडिओ बघत. परदेशातला कोणी तरुण शर्यतीच्या गाडीचे ब्रेक लालबुंद होईपर्यंत तापवून दाखवी, आणि सर मान डोलावत. कॉलनीच्या ग्रुपवर त्यांनी मत मागवलं. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांनी सविस्तर मतं दिली. मी किंचाळत होतो.

पाचव्या आठवड्यात जितेंद्र शाळेच्या गाड्या तपासायला आला होता. शाळेच्या दोन्ही व्हॅन त्याच्याकडेच असत. तो मुद्दाम सरांच्या गाडीजवळ आला, वाकला, चाकातून डोकावला.

"सर, कोणतेही टाका. साधे टाका. पण या आठवड्यात टाका."

"घाई करून चालत नाही, जितू. तुलनात्मक तक्ता अजून अपुरा आहे."

"तक्ता गाडी थांबवणार आहे का, सर?"

सर हसले. जितेंद्र हसला नाही.

पुढच्या रविवारी सर अभ्यासाची वही घेऊन जळगावला एका मोठ्या दुकानात गेले. तिथला श्रेयांस हा मालकाचा मुलगा. बोलणं गोड, केस उभे, आणि गिऱ्हाइकाला काय हवंय हे गिऱ्हाइकाआधी ओळखणारा. त्याने सिरॅमिक पॅड मागवून देतो म्हणून सांगितलं, पंधरा दिवस लागतील. मग म्हणाला, "सर, खरं सांगू? पॅड कितीही भारी टाका, ते कोणाला दिसत नाहीत. हे दिसतं." आणि त्याने काचेच्या कपाटातून लालभडक झाकणं काढली. आम्हाला दाबणारा जो लोखंडी पंजा असतो त्याच्यावर ती बाहेरून चिकटवायची. शर्यतीच्या गाडीसारखं रूप येतं. कामाचा उपयोग शून्य.

ती पाच मिनिटांत बसली. सरांनी चार बाजूंनी फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. शेहेचाळीस अंगठे आले. अशा रीतीने अपग्रेड झालं. मी आत, त्या लाल मखराच्या मागे, पूर्वीसारखाच किंचाळत होतो. फरक इतकाच की आता लोक आवाजाकडे वळून बघत आणि लाल रंग पाहून थांबत. सरांना त्याची लाज वाटू लागली. धोक्याची नव्हे, आवाजाची.

नवव्या आठवड्यात, सिरॅमिक पॅड अजून आलेले नसताना, सर आईवडिलांना आणायला गेले. ते दोघे गिरणेकाठी, भडगावपासून तीन कोसांवरच्या गावात राहतात. वडील पंडित नाना, आई कमलबाई. कमलबाईंचे गुडघे धरले होते, त्यांना धुळ्याला डॉक्टरांना दाखवायचं होतं. गाडी अंगणात शिरली ती माझ्या आवाजानेच. दोन घरांवरून कोणीतरी ओरडलं, मास्तर, गाडी आणली की डुक्कर? लोक हसले. सरही हसले, पण कान लाल झाले. ते नानांनी पाहिलं.

नाना म्हणजे तीस वर्षं बैलगाडी हाकलेला माणूस. चाक कुरकुरलं की आसाला ओंगण द्यायचं, चिंध्या गुंडाळलेल्या काडीने एरंडेल चोपडायचं, चाक गप होतं. ते बैलाला उपाशी ठेवतील पण चाकाला कोरडं ठेवणार नाहीत, असं गावात म्हणत. दुसऱ्या दिवशी सकाळी सर आंघोळीला गेले तेव्हा नाना ओट्यावरून म्हणाले, "ती एरंडेलनी बाटली दे वं जरा."

"मन्हा गुडघासले आनेल शे ती," सगळी संपेल या काळजीने कमलबाई आतून म्हणाल्या. "बठ्ठी संपाडू नका."

कशाला हवी, हे त्यांनी विचारलं नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात असल्या गोष्टी विचारत नाहीत.

नाना माझ्यासमोर उकिडवे बसले. चाकाच्या आऱ्यांतून आत बघितलं. लाल झाकण दिसलं, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, तेल द्यायची जागा कंपनीने रंग देऊन दाखवूनच ठेवली आहे. "तहानेल शे बिचारं," ते पुटपुटले, आणि काडीवरची चिंधी बुडवून बुडवून त्यांनी तबकडीला, पंजाला, मला, सगळ्यांना मायेने एरंडेल पाजलं. उरलेलं वरून ओतलं.

इतक्या प्रेमाने मला कोणी हात लावला नव्हता. सगळं आयुष्य मी तेल या एका गोष्टीपासून दूर राहिलो होतो, आणि ती मला आशीर्वादासारखी मिळाली.

गाडी निघाली. आवाज बंद. सर खूश झाले, म्हणाले, बघा, आपोआप गेला. नाना मागच्या सीटवर गप्प बसून मिशीत हसले. कमलबाई पुढे डावीकडे बसल्या होत्या, पाय लांब करता यावेत म्हणून. तक्रार थांबली म्हणजे निकाली निघाली, असं समजणारी माणसं फक्त कचेरीतच असतात असं नाही.

वाटेत दोनदा ब्रेक लावल्यावर गाडी उजवीकडे ओढली गेली. सर म्हणाले, रस्ताच तिरका केलाय मेल्यांनी. पारोळा सोडल्यावर बाजूच्या रस्त्यावरून कापसाची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर एकदम वर आला. सरांनी पाय रोवून ब्रेक दाबला. उजवीकडच्या माझ्या भावांनी धरलं. मी धरायला गेलो आणि निसटलो. पुन्हा गेलो, पुन्हा निसटलो. गाडी उजवीकडे गर्रकन फिरून दुभाजकाला धडकली, उसळून डावीकडे वळली आणि आडवी उभी राहिली. मागून येणाऱ्या टेम्पोला थांबता आलं नाही. तो डाव्या दारावर आला. ज्या दारामागे कमलबाई होत्या त्या दारावर.

त्या वाचल्या. खुबा मोडला. गुडघे दाखवायला निघालेली बाई आता वॉकर धरूनही चार पावलांत थकते, असं ऐकतो.

गाडी ठाण्याच्या आवारात आणून लावली. पाहणी करणारे साहेब आले, त्यांनी चाकातून मोबाईल घालून फोटो काढले, ओलसर तेलकट डाग पाहिला आणि उभ्याउभ्या लिहिलं : ब्रेक ऑइलची गळती, दुरुस्ती करणाऱ्याचा निष्काळजीपणा. सरांनी जबाबात तेच लिहून दिलं. गाडी कोणाकडे दुरुस्त होत असे, तर जितेंद्रकडे. कॉलनीच्या ग्रुपवर, जिथे लाल झाकणांना अंगठे मिळाले होते, तिथेच जितेंद्रच्या नावाने चौकशी न होता निकाल लागला. शाळेने दोन्ही व्हॅन काढून घेतल्या. त्याच्या गॅरेजच्या दाराशी आठवडाभरात फक्त दोन मोटारसायकली उरल्या.

जितेंद्र परवानगी काढून मला बघायला आला. त्याने बोट फिरवलं, दोन बोटांत चोळलं, हुंगलं. मग बाटलीतलं पाणी ओतलं. ब्रेक ऑइल असतं तर पाण्याने धुऊन गेलं असतं. हे गेलं नाही. पाण्याचे थेंब माझ्यावरून मोत्यांसारखे घरंगळले. त्याने पुन्हा एकदा हुंगलं. तोही शेतकऱ्याच्या घरातला. तो वास त्याला ओळखीचा होता.

त्याच वेळी पंडित नाना आले. गाडीत राहिलेल्या कमलबाईंच्या चपला न्यायला आले होते.

"नाना," जितेंद्र वर न बघता म्हणाला, "चाकमा एरंडेल कोनी टाकं?"

नानांनी हातातल्या चपलांवरची धूळ पुसली. "चाक वरडी ऱ्हायनं व्हतं रे. लोके हासनात पोऱ्याले."

"ते वरडनं म्हंजे सांगनं व्हतं, नाना."

"माले काय माहीत." मग म्हणाले, "लिखी दे. मन्हं नाव लिखी दे. पन कमलले कळू देऊ नको. बाटली तिनीच दिन्ही व्हती. कसाले, ते तिले माहीत नही. ती सोताले खाई टाकी."

जितेंद्र बाटलीला झाकण लावून निघून गेला. नाना मात्र गप्प बसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नमूद करतो. चार दिवसांनी सर नानांसोबत कागदपत्रं काढायला आले तेव्हा नानांनी गाडीपाशीच त्यांना सगळं सांगितलं. घरात खानदेशी बोलणारे सर त्या दिवशी वडिलांशी शुद्ध मराठीत बोलले.

"जबाब झालेला आहे, नाना. सही झालेली आहे. आता फिरवला तर सगळं माझ्यावर येईल, आणि आईलाही कळेल."

"आनि जितू?"

"त्याचं तो बघेल. त्याचा धंदाच तो आहे."

घर्षणाचा धडा शिकवणारा माणूस यानंतर माझ्याकडे एकदाही न बघता गेला. जाताना शाबूत राहिलेलं उजवीकडचं लाल झाकण तेवढं खरवडून खिशात टाकलं.

जितेंद्रने ठाण्यात छापील नमुन्यात अर्ज केला. साधा, स्वच्छ अक्षरातला. पुढच्या डाव्या चाकावरील तेल ब्रेक ऑइल नसून एरंडेल आहे, त्याची प्रयोगशाळेत तपासणी व्हावी, आपल्यावरचा ठपका दूर व्हावा. नानांचं नाव त्यात नव्हतं. अर्ज पुढे गेला आणि एका टेबलावरून शेरा घेऊन परत आला. रकाना क्रमांक सात, 'तेल कोणी टाकले', रिकामा आहे, भरून पाठवावा. जितेंद्रने तो भरला नाही. अर्ज तसाच पुन्हा दिला. तो पुन्हा परत आला. शेरा तोच, सही वेगळी. त्याने तिसऱ्यांदा दिला, रकाना रिकामाच ठेवून.

मला आता कापडी पिशवीत घालून दोऱ्याने बांधून ठेवलंय. चिठ्ठीवर गाडीचा नंबर आहे, माझ्याविषयी काही नाही. एरंडेल वाळून माझ्यावर पिवळट कवच आलंय. हातात घेतलंत तर नखाने निघेल आणि वास येईल. ही तपासणी करायला प्रयोगशाळाही लागत नाही. नाक असलेला कोणीही शेतकरी पुरे. आपण कोणी या टेबलाशी संबंधित असाल, तर एवढी एक पिशवी उघडावी, ही नम्र विनंती. जितेंद्रने मला या चाकात बसवलं होतं, आणि आता मी त्याच्या उपयोगी पडू शकतो ते एवढ्यापुरतंच.

सद्यःस्थिती : जितेंद्र यांचा अर्ज दाखल होऊन तीन महिने सात दिवस झाले आहेत. रकाना क्रमांक सात रिकामा असल्याच्या कारणास्तव तो प्रलंबित आहे.