डेमलरच्या नाकावरचा पोचा

भीमाजीची डेमलर मोटार इमामपूरचा घाट अशी काही चढायची, की तिची सावली खाली पांढरीपुलावरच राहून जायची. मोटारीचे मालक, जहागीरदार आबासाहेब सरकार, नगरात उतरून, दोन कामं उरकून, चहा पिऊन बाहेर यायचे, तेव्हा कुठं ती बिचारी धापा टाकीत येऊन चाकांखाली पडायची. इंजिन इतकं मुकं, की एका तितरानं फुटबोर्डावर अंडी घातली आणि नेवासा-शेवगावच्या फेऱ्यांत उबवूनही घेतली. भोंग्याचं तर नावच काढू नये. तो वाजला की तीन गावांतल्या अडलेल्या गाई मोकळ्या व्हायच्या.

सोनईत सहादेवच्या सलूनपुढच्या बाकावर बसून भीमाजी हे सगळं वर्षानुवर्षं सांगत आला होता. दाढीला आलेल्या एखाद्या गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं, की तो नुसता शेजारी बघायचा. शेजारी आसाराम बसलेला असायचा, डेमलरचा जुना क्लिनर.

"खरं हाय," आसाराम म्हणायचा. "म्या सोता पिल्लं मोजली हुती. सात."

भीमाजीनं पाच म्हटलेलं असायचं. पण दोन पिल्लं जास्तीची मिळाली तर कोण नको म्हणतो?

या सगळ्या थापांत एक थाप मात्र अशी होती, की ती सांगताना भीमाजीला कधीच मजा आली नाही. ती त्यानं एकट्या आसारामलाच सांगितली होती, आणि सदतीस वर्षं तिला खतपाणी घालून जगवली होती.

छत्तीस सालचा दसरा होता. आबासाहेब शिलंगणाला मोटारीनं निघणार होते. भीमाजी तेव्हा पंचविशीतला ड्रायव्हर, टोपी तिरपी घालणारा. आसाराम वीस वर्षांचा क्लिनर. दिवाळी झाली की तुझं लायसन काढून देतो, असा शब्द सरकारांनी त्याला दिला होता, आणि त्या शब्दावर आसाराम झोपेतसुद्धा गिअर बदलत होता.

भीमाजीनं मोटारीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. राहिला नारळ. आता मोटारीचा नारळ पुढ्यात दगड ठेवून त्यावर फोडावा, हे कुणालाही कळतं. पण भीमाजीच्या घरी दसऱ्याचा नारळ फुटायचा तो बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर. दगडावर फोडलास तर मान दगडाला गेला, गाडीला काय मिळालं, असं त्याचा बाप म्हणायचा. डेमलरच्या चाकाला धाव कुठली, तिथं रबर. मग जिथं लोखंड दिसलं तिथं, म्हणजे बॉनेटच्या ऐन नाकावर, भीमाजीनं नारळ हाणला. नारळ फुटला नाही. त्यानं देवाचं नाव घेऊन दुसऱ्यांदा हाणला. या वेळी नारळ फुटला, आणि बॉनेटला अर्ध्या नारळाएवढा पोचा पडला. नारळाचं पाणी त्यात वाटीत तीर्थ ठेवावं तसं साठून राहिलं.

भीमाजी फडकं आणायला आत पळाला. तेवढ्यात आसाराम पाण्याची बादली घेऊन आला. खाली पडलेली भकलं त्यानं नाकाकडं न बघताच उचलून ओंजळीत धरली, आणि नेमके त्याच वेळी फेटा बांधून आबासाहेब बाहेर आले.

ते ओरडले नाहीत. त्यांनी पोच्याकडं पाहिलं, आसारामच्या ओंजळीकडं पाहिलं, आणि फाटकाकडं बोट दाखवलं. दाराआड फडकं घेऊन भीमाजी उभा होता. जे तोंड जेवतानासुद्धा मिटत नसे, ते त्या दिवशी मिटलं.

संध्याकाळी तो आपट्याची पानं घेऊन आसारामच्या घरी गेला. खरं सांगायलाच गेला होता. आसारामनं पानं घेतली, पाया पडला आणि विचारलं, "कुनी केलं आसंल वो, डायवर?"

"धाकट्या सरकारांनी," भीमाजीच्या तोंडून आबासाहेबांच्या लेकाचं नाव गेलं. एकदा गेलं म्हटल्यावर पुढचं आपोआप आलं. "पोरवय त्येंचं, गंमत करायला गेले. तू गप ऱ्हाऊन सोतावर घेतलंस म्हनून लई मानत्यात तुला. म्हनले, आसारामनं घराची अब्रू राखली. माझ्या हाती कारभार आला की पयला त्यालाच बोलावनार."

आसारामचा चेहरा असा उजळला, की भीमाजीला घरी जायला कंदिलाची गरज पडली नाही.

बोलावणं यायचं नव्हतं, आलं नाही. 'मोटारीवर नारळ फोडणारा' म्हणून आसारामचं नाव जिल्हाभर झालं, आणि पुन्हा कुणी त्याला चाकापुढं बसवलं नाही. त्यानं साखर कारखान्यावर बैलगाडीनं ऊस वाहिला. बैलांना वळवताना तो हात बाहेर काढून इशारा करायचा, आणि मागचे गाडीवान हसायचे. दर दिवाळीला भीमाजी त्याला धाकट्या सरकारांचा निरोप आणून द्यायचा. डेमलर विकली गेली, भीमाजी एस्टीत लागला, धाकटे सरकार विलायतेला जाऊन तिथंच राहिले, तरी निरोप थांबले नाहीत. विलायतेहून सोनईला निरोप, आणि तोही भीमाजीच्या तोंडी!

त्र्याहत्तरच्या मार्गशीर्षात गोरक्ष मास्तरांनी सलूनमध्ये पेपर वाचून दाखवला. नगरला, भिंगारच्या अलीकडं, लष्करातून निवृत्त झालेल्या एका मेजरसाहेबांनी राजेरजवाड्यांच्या जुन्या मोडक्या मोटारी गोळा करून नव्याकोऱ्या केल्या होत्या. अकरा मोटारींचं संग्रहालय, दर रविवारी खुलं. त्यात आबासाहेब जहागीरदारांची डेमलरही होती.

आसाराम बाकावरून उठलाच. "डायवर, जायचं. माजा मोतीबिंदू समदा पिकायच्या आत एकदा बघून घिऊ."

भीमाजी घरी आला तो ताप आल्यासारखा. त्याची बायको राहीबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"पोचा आसंल का गं तिथं?" त्यानं विचारलं.

राहीबाईला 'कसला पोचा' म्हणून विचारावं लागलं नाही. नवरा जागेपणी थापा मारायचा आणि झोपेत खरं बोलायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षीच तिला सगळं कळलं होतं.

"आसंल तर बरंच हाय की. त्येच्यावर बोट ठिवा आन् सांगा. किती दिस त्या मान्साला निरोपावर जगवनार? त्यो मेला तर कुनाला सांगशाल, मला? मी रोजच आयकतीय."

"त्यो बोलायचा बंद झाला तर?"

"मग तुमी निस्तं बसा बाकावर. गावाला तेवडीच इस्रांती."

रविवारी दोघं सकाळच्या एस्टीनं नगरला गेले. भीमाजीनं मनाशी पक्कं केलं होतं. आधी पोचा दाखवायचा, मग बोलायचं. आपल्या तोंडावर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण पत्रा खोटं बोलत नाही.

संग्रहालय म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. आत मोटारी ओळीनं उभ्या, पुढं सुती दोरी, आणि चकाकी अशी, की माणसं मोटारी बघायच्या आधी आपापल्या टोप्या नीट करून घेत होती. आसारामनं दारातच वहाणा काढल्या. त्याचं बघून मागच्या चार बायकांनीही काढल्या.

डेमलर शेवटी होती. वर काळी, खाली डाळिंबी. आसाराम दोरीजवळ थांबला आणि डोळे बारीक करून कितीतरी वेळ बघत राहिला.

"तीच हाय," तो म्हणाला. "उबी ऱ्हायची तऱ्हा तीच."

भीमाजीनं मात्र मोटार पाहिलीच नाही. त्याची नजर थेट नाकावर गेली. नाक गुळगुळीत होतं. इतकं, की त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं, लांबडं आणि उघडं. तो डावीकडून वाकला, उजवीकडून वाकला. पोच्याचा मागमूससुद्धा नव्हता.

खाकी अर्धी चड्डी घातलेले मेजरसाहेब खिशात फडकं खोचून जवळ आले. हे दोघं या मोटारीचे ड्रायव्हर आणि क्लिनर, हे कळल्यावर त्यांनी स्वतः दोरी सोडली आणि दार उघडलं.

"बसा, ड्रायव्हरसाहेब. चाक धरा."

"मी न्हाई," भीमाजी म्हणाला. "ह्यो बसंल."

आसाराम नाही नाही म्हणत होता. भीमाजीनं त्याला दंडाला धरून बसवलं. आसाराम बसला, पण हात गुडघ्यांवर ठेवून. चाकाला त्यानं बोट लावलं नाही.

"धर की, आसाराम."

"लायसन कुठं हाय मला?" आसाराम हसला. "धाकटे सरकार आले म्हंजे बघू."

भीमाजी खिडकीत वाकला.

"आसाराम, धाकट्या सरकारांनी न्हाई फोडला नारळ. म्या फोडला. ह्या नाकावर, दोन बारी. मी दाराआड हुतो. तुला हाकलताना बघत हुतो."

आसारामनं चाकावरून नजर उचलली.

"आन् निरोप?"

"समदे माजेच. एकबी त्येंचा न्हाई. त्येंला तुजं नावबी ठावं नसंल."

आसाराम हळूच खाली उतरला, बॉनेटपाशी गेला, आणि त्यानं मेजरसाहेबांकडं बघून विचारलं, "सायेब, हात लावू का?" त्यांनी मान हलवली. आसारामनं तळवा धोतराला पुसला आणि नाकावरून फिरवला. वरून खाली. मग बोटांच्या टोकांनी पुन्हा एकदा, आंधळा माणूस ओळखीचं तोंड चाचपतो तसा.

"सायेब, हितं पोचा हुता का वो?"

मेजरसाहेब हसले. "बाबा, ही मला एका कडब्याच्या गंजीखाली मिळाली. आत कोंबड्या होत्या. सगळी चेपलेली, हजार पोचे असतील. आम्ही ठोकून ठोकून सगळे काढले. कुठला कुणी पाडला, ते आता देवही सांगणार नाही."

"हुता वो!" भीमाजी मोठ्यानं म्हणाला. "अर्द्या नारळाएवडा! पानी साठलं हुतं त्यात!"

आणि आसाराम हसला. आधी नाकातून, मग पोट धरून. बायका वळून बघू लागल्या.

"पानी साठलं हुतं म्हनं! तीर्थ! डायवर, जन्मभर तुमच्या थापांना मान हलीवली, पन ही लई भारी. मला चाकावर बसवून, तोंड पाडून... कितीक दिस जुळवत हुता?"

"आरं थाप न्हाई ही. तुज्या गळ्याशपत."

"तितराच्या पिल्लांचीबी माज्याच गळ्याची शपत घेतली हुती." त्यानं डोळे पुसले. "मला ठावं हाय तुमी का केलं त्ये. सरकारांचं बोलावनं आलं न्हाई म्हनून मला वाईट वाटतं, म्हनून तुमी सोतावर घेताय. पन धाकट्या सरकारांचं नाव मी खाली पडू दिनार न्हाई. तवा दिलं न्हाई, आता दिऊ व्हय?"

भीमाजी आयुष्यभर जे जे बोलला ते सगळं त्या मोटारीसारखं चकचकीत होऊन समोर उभं होतं, आणि त्यात बोट शिरेल एवढी फट नव्हती.

परतीच्या एस्टीत गर्दी होती. जेऊर गेल्यावर आसारामला पुन्हा हसू फुटलं, आणि त्यानं पुढच्या बाकावरच्या माणसांना हलवून सांगितलं, "ह्ये आमचे डायवर. ह्येंची नारळाची गोष्ट आयका. सांगा, डायवर."

"नगं आता."

"सांगा की!"

माणसं वळून बसली होती. भीमाजीनं सांगितली. नाक, धाव, बाप, दुसरा दणका, साठलेलं पाणी, दाराआडचं फडकं. एक अक्षर वाढवलं नाही, एक गाळलं नाही. साधी सरळ खरी गोष्ट त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच सांगितली. घाट उतरेपर्यंत आख्खी एस्टी हसत होती. कंडक्टर तिकिटं विसरला.

मग खिडकीशी बसलेल्या, टोपलीत कोंबडा घेतलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "आन् त्या क्लिनरचं म्होरं काय झालं रं बाबा?"

हसणं जरा थांबलं. आसारामही भीमाजीच्या तोंडाकडं बघू लागला. त्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा दुधाळ पडदा होता, आणि त्यामागून तो वाट बघत होता.

भीमाजीला खरं उत्तर ठाऊक होतं. बैलगाडी, ऊस, हात बाहेर काढून केलेले इशारे, हसणारे गाडीवान. ते त्याच्या जिभेपर्यंत आलं. तिथून पुढं ते निघेना.

"त्या क्लिनरला," भीमाजी म्हणाला, "धाकट्या सरकारांनी दिवाळीलाच बोलावून घेतलं. हातात लायसन दिलं. म्हनले, आजपास्नं ह्यो डायवर. आन् त्यानं मोटार अशी चालीवली, अशी चालीवली, की आबासायेब मागच्या शिटावर झोपले ते नाशिकला जागे झाले. भरल्या पेल्यातलं पानी हललं न्हाई."

आसाराम मागं टेकला. त्यानं पुढच्या बाकाचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

"हां," तो समाधानानं म्हणाला. "आता कसं खरं बोललात."