कुशीवर

"वहिनी, दादाला हलवा. घोरतोय तो! सगळे भाऊबंद बघत्यात," धाकटा दीर नाथा माझ्या कानाशी फणफणला.

रामकुंडावर सासूबाईंचा दहावा चालला होता. पिंड मांडून पाऊण तास झाला, कावळा काही शिवेना. आणि आमचे हे, थोरले चिरंजीव लहानू, भादरलेलं डोकं भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून झोपलेले. जुनं डिझेल इंजिन चालावं तसं घोरणं. मधेच बंद पडायचं, मग गुदमरल्यासारखा आचका आणि पुन्हा सुरू.

"सकाळीच घेतली वाटतं," मागून कुणी तरी कुजबुजलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. या माणसानं जन्मात थेंब घेतला नाही हो! पण सांगू कुणाला? फूलबाजारात हे झेंडूच्या क्रेटवर झोपतात, लेकीच्या लग्नात मांडवात झोपले.

पंधरा वर्षांपूर्वी मीच यांना बाहेरच्या खोलीत धाडलं. फुलं तोडायला मला चारला उठायचं असतं, त्या घरघरीत डोळ्याला डोळा लागेना. त्या खोलीत सासूबाई झोपायच्या. सकाळी चहा पिताना सांगायच्या, "रात्री लहानूला सहा येळा कुशीवर केलं. उताना झाला की दम अडकतो गं त्याचा."

"आत्याबाई, एवढा घोडा झालाय, अजून कूस बदलून देता?" म्हणून मी हसायचे.

गेल्या साली टेम्पो चालवता चालवता यांचा डोळा लागला. टेम्पो रस्त्याकडेच्या चारीत गेला, नशीब म्हणून वाचले. तेव्हा कुठे डॉक्टरकडे नेलं. त्यांनी एक रात्र झोपवून, वायरी लावून तपासलं.

"काकू, ही गाढ झोप नाही," डॉक्टर म्हणाले. "झोपेत गळा मिटतो, श्वास थांबतो. म्हणून दिवसा पेंगतात. वजन उतरवा, कुशीवर झोपवा आणि हे मशीन रोज नाकाला लावा. नाहीतर एक दिवस हार्ट दगा देईल."

मशीन आणलं. दोन रात्री लावलं आणि तिसऱ्या रात्री यांनी उपसून फेकलं. सासूबाईंनी ते फडक्यात बांधून माळ्यावर टाकलं. "मी हाये ना," म्हणाल्या. खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं.

घाटावर नाथा हात जोडून बोलत होता, "आई, वर्षश्राद्ध थाटात करू. तुझी गाय इकणार नाय." कावळा कठड्यावर बसलेला. मान तिरकी करून बघायचा, पुढे येईना.

"कशात जीव अडकलाय माउलीचा?" गुरुजी म्हणाले. "ठाऊक असेल त्यानं बोला."

मला ठाऊक होतं. दवाखान्यात शेवटच्या दिवशी बाई माझा हात धरून विचारत होती, "लहानूजवळ कोण झोपतंय?" मी म्हटलं होतं, "झोपतंय कुणी तरी, तुम्ही पडा निवांत."

एवढंच म्हणायचं होतं, आत्याबाई, मी झोपते त्यांच्याजवळ. शब्द ओठावर आले. पण पिंडापुढे दिलेला शब्द मोडता येत नाही. या दहा दिवसांत मी तीन रात्री करून बघितलं होतं. चारदा कुशीवर वळवलं, पाचव्यांदा रडू आलं, तिसऱ्या रात्री कानात कापूस घालून आत जाऊन झोपले. मला जमत नाही. काय करू? पदर सारखा करून मागे सरले.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. "दादाला राहू द्या तसाच," नाथा म्हणाला आणि त्यानंच तो पिंडाला लावला. भाऊबंद पांगले.

निघताना यांना उठवलं. टेम्पो नाथानं चालवायला घेतला. मागे माझ्या शेजारी बसून, डोळे चोळत, यांनी हळूच विचारलं, "शिवला का गं?"

"शिवला."

"लगेच?"

"लगेच."

"मग काही राहिलं नव्हतं आईचं," हे म्हणाले. दहा दिवसांत पहिल्यांदा यांचा चेहरा सैल झाला. पूल ओलांडायच्या आत मान मागे पडली, घोरणं सुरू झालं आणि मधेच थांबलं. यांच्या उघड्या तोंडाकडे बघत मी पुढच्या आचक्याची वाट पाहू लागले.