थिर्झाची वल्ही

वाचनालयातली ब्रायनी काल एक फोटो घेऊन आली. मी लहान असताना इथे, यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात, मुलांच्या साहसी सिनेमाचं चित्रीकरण झालं होतं, त्यातला. होडीत उभी राहून ओरडणारी मुलगी मी. मागे धक्क्यावरून खांद्यावर वल्ही घेऊन चाललेली, पाठमोरी, ती माझी थोरली बहीण थिर्झा.

"मिसेस हार्कर, वाचनालयाच्या प्रदर्शनात या फोटोखाली काय लिहू? तुम्ही काय ओरडताय?"

मी किटली ठेवायला उठले.

खरं तर निवड थिर्झाची झाली होती. तेरा वर्षांची, पण तिच्यासारखी होडी गावात कुणी वल्हवत नसे. तिला एकच वाक्य होतं: चोरांचा माल डुकरांच्या खोपटात आहे. आम्ही कोळी माणसं त्या जनावराचं नाव होडीत घेत नाही. घेतलं तर समुद्रावरचं माणूस परतत नाही म्हणतात. आणि बाबा त्या दिवशी समुद्रावर होते.

"एकच तर शब्द आहे, बाळ," दिग्दर्शक म्हणाले.

"मग बकऱ्या म्हणते की."

"अगं, डुकरं भाड्यानं आणलीत आम्ही."

"मी म्हणते," मी धक्क्यावरून म्हणाले. मी दहा वर्षांची होते.

थिर्झा उतरली, घरून आणलेली बाबांची जुनी वल्ही उचलली आणि निघाली. मी तिच्या जागी चढले आणि ती दिसेनाशी व्हायच्या आत ओरडले. फोटो तेव्हाचा. मग आणखी सहा वेळा ओरडले.

थिर्झा वल्ही घरी ठेवून आली आणि दिवसभर बंदराच्या भिंतीवर उभी राहिली. संध्याकाळी बाबा आले, टोपल्या भरून खेकडे घेऊन.

"बघ, झालं का काही?" मी म्हणाले.

"सात वेळा, नेटी. मोजल्यात मी."

पुढे तिनं माझ्या वेण्या घातल्या, माझ्या लग्नाचा केक केला, पण मला होडीत कधी घेतलं नाही. विचारलं की म्हणायची, "जागा नाही." होडी रिकामी असली तरी.

सिनेमा आमच्याकडे आलाच नाही. पुढच्या वर्षी लीड्सला मावशीकडे गेले होते तेव्हा शनिवारी सकाळी मी एकटीनं पाहिला. पडद्यावर मी तोंड उघडलं आणि आवाज आला लंडनच्या कुठल्याशा मुलीचा.

घरी आले तेव्हा थिर्झा गळाला शिंपल्यांचं मांस लावत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "कसा होता गं?"

"माझा आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत घुमला," मी म्हणाले.

तिनं पुढचा गळ हातात घेतला. खरं सांगितलं असतं तर कदाचित होडीत जागा झाली असती. ते या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत कधीही सांगता आलं असतं. फेब्रुवारीत ती गेली.

"मिसेस हार्कर? आणि हा मागचा कोपरा कापू का? धूसर आलाय."

"कापू नकोस. तिथं थिर्झाचं नाव घाल. आणि माझ्याखाली लिही, सिनेमात हिचा आवाज नाही."

ब्रायनी हसली. थिर्झा याहून मोठ्यानं हसली असती.