डावखुरा शर्ट

"बोला. काय दिसतंय?" संपादकांनी छपाईला जाणारी समोरासमोरची दोन पाने टेबलावर पसरून तिच्यापुढे सरकवली.

मुलाखत आहे हे तिला ठाऊक होते. परीक्षा असेल असे कोणी सांगितले नव्हते. निघताना मुलीने दारातच बजावले होते, "आई, विचारतील तेवढंच सांग. शिकवत बसू नकोस." चौदा वर्षांपूर्वी पानांच्या मांडणीचे काम तिने सोडले, ते दोन लहान मुले आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई यांच्यापायी. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. आता या संगीताच्या मासिकात एक जागा होती आणि ती तिला हवी होती. आपल्याला अजून काही येते का, हे तिला पाहायचे होते.

डाव्या पानावर भले मोठे शीर्षक आणि त्याखाली लेख. उजव्या पानावर एका वृद्ध व्हायोलिनवादकाचा पानभर फोटो.

"वादक मजकुराकडे बघतायत, ते चांगलं आहे. वाचणाऱ्याची नजरही मग तिकडेच जाते. समास ऐसपैस आहेत," ती म्हणाली. "शीर्षक मात्र नाकापेक्षा मोती जड."

संपादक हसले. खिडकीशी बसलेला तरुण मांडणीकार हसला नाही. पाने त्याची होती, आणि नोकरी मिळालीच तर तिला त्याच्याच हाताखाली काम करायचे होते.

"आणखी काही?" त्याने विचारले.

तिची नजर फोटोवरून हलेना. व्हायोलिनखालून डोकावणारा तो शर्टाचा खिसा खटकत होता. इतकी वर्षे तिने शर्ट धुतले, उसवलेले खिसे शिवले, इस्त्री केली. हातांना जे पाठ होते ते डोळ्यांना आत्ता उमगले. गप्प बसावे, असे एकदा मनात आले. पण पाने उद्या छापली जाणार होती.

"फोटो आरशातल्यासारखा उलटवलाय का?"

"छे! कशावरून?" मांडणीकार म्हणाला.

"व्हायोलिन उजव्या खांद्यावर आहे."

"ताई, माणूस डावखुरा असू शकतो."

"माणूस असेल हो. शर्टसुद्धा डावखुरा? खिसा उजवीकडे आहे."

संपादकांचा हात नकळत स्वतःच्या खिशाकडे गेला. मग ते फोटोवर वाकले. "अरे, खरंच की!"

मांडणीकाराचे कान लाल झाले. "मूळ फोटोत ते पानाबाहेर बघत होते. लेखाशी भांडण झाल्यासारखे. म्हणून फिरवला. कोणाला कळणार होतं?"

"घरच्यांना," ती म्हणाली. आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. "त्यांची बायको पान उघडेल आणि म्हणेल, हे आमचे नव्हेत. का, ते तिलाही सांगता येणार नाही. पण तुमचं बरोबरच होतं, त्यांनी आत बघायला हवं. मी तर एकदा एका गायकाचं घड्याळ या हातातून त्या हातात घातलं होतं. महिनाभर सगळं ऑफिस मला येता-जाता वेळ विचारायचं."

आता तोही हसला. "मग करायचं काय?"

"माणूस नको फिरवायला, पानं बदलू. सुलटा फोटो डावीकडे घ्या, ते आपोआप आत बघतील. लेख उजवीकडे. आणि शीर्षक जरा बारीक."

"लावून दाखवता?" संपादकांनी विचारले.

तिने संगणकाच्या पडद्याकडे पाहिले. मुलाखतीत जे सांगू नये तेच सांगायची वेळ आली होती. "खरं सांगते सर, हा प्रोग्राम मला येत नाही. आमच्या वेळी दुसरा होता. शिकावं लागेल."

संपादक मांडणीकाराकडे वळले. "काय रे, शिकवशील?"

तो उठून गेला. शेजारच्या खोलीतून एक खुर्ची उचलून घेऊन आला. ती त्याने आधी आपल्या खुर्चीच्या मागे टेकवली. मग पुन्हा उचलली आणि पडदा दोघांनाही सारखाच दिसेल अशी शेजारी ठेवली.